चाळीस भांड्यांचा धूर

५ ऑगस्ट

जोया, हे वाचायला बसण्याआधी उठ आणि गॅस बंद केलास का ते बघून ये. केला नसशीलच. दूध ओतू गेलं असेल तर आधी ओटा पूस, मग बस. वही कुठं पळून जात नाही.

तुझ्या खेळाचा निकाल लागला की मग ही वही तुला द्यायची, किंवा मी मातीखाली गेले की. जे आधी होईल ते. तोवर तुला दाखवायची नाही, अशी वर्षाराणीकडून मी कसम घेतली आहे.

वर्षाराणी लिहिते, मी बोलते. मी आमिनाबी, राहणार धारूर. अक्षर शिकले नाही. आमच्या घरात दखनी चालते. ही पोरगी तिचं मराठी करते आणि माझं बोलणं इस्त्री करून वहीत ठेवते. शिव्या गाळते असा मला संशय आहे. मध्येच विचारलं, "आजी, आजोबांचं नाव लिहू का?" म्हटलं, मी नवऱ्याचं नाव घेत नाही. दुकानाच्या पाटीवर आहे, ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं.

आता कामाचं. माझी नात जोया आणि तिची मैत्रीण वर्षा, हीच लिहिणारी वर्षाराणी, दोघी मिळून फोनवर खेळायचा एक खेळ करत आहेत. वर्षा चित्रं काढते, जोया त्यांना चालायला लावते. खेळात धारूरचा बाजार आहे, पाठीमागं किल्ला, आणि एक माणूस भट्टीपुढं बसून पितळेच्या भांड्यांना कलई करतो. खेळणाऱ्यानं विस्तव सांभाळायचा, बोटानं भांडं फिरवायचं, कथील आतून सारखं पसरवायचं. कथील जळलं की हरला.

कलई का, तर माझ्या नवऱ्यानं, कय्युमच्या अब्बांनी, चाळीस वर्षं तेच केलं आणि भाता मी मारला. आता घरोघरी स्टील आहे. माझा मुलगा कय्युम स्टीलच विकतो.

पुण्याच्या एका कंपनीनं खेळ पाहिला. आवडला म्हणाले. पण अट घातली: खेळ स्वस्तातल्या, जुन्या फोनवर न अडखळता चालला पाहिजे, आणि दहा ऑक्टोबरपर्यंत. चालला तर पोरींनी इथंच बसून काम करायचं. नाही चालला तर पंधरा तारखेला जोया हैदराबादला नोकरीवर. त्या नोकरीला कय्युम परस्पर हो म्हणून आलेला आहे.

मला हैदराबाद नको आहे. एवढंच लिहून ठेव.

९ ऑगस्ट

पोरींनी मला फोन दिला. खेळ तपासायला. वर्षाच्या बापाचा, त्रिंबकचा होता. त्यानं तीन वर्षं ऊसतोडीला नेलेला. कोपऱ्यात चीर आहे, पण चांगल्या भांड्यालाही पोचा पडतोच.

जोयाकडं स्वतःचा नवा फोन आहे, तरी तपासायचं काम माझ्याकडं दिलं. वयाचा मान ठेवतात पोरी. मी तो मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवते.

खेळ लावला. तो माणूस हात वर नेतो, मध्येच थिजतो, मग एकदम हात खाली. लकवा भरल्यासारखा. दहा मिनिटांत फोन इतका तापला की त्यावर पापड भाजला असता.

जोयाला सांगितलं, "तुझा कारागीर आजारी हाय."

तिनं कपाळावर हात मारला आणि तिच्या वहीत काहीतरी टिपून घेतलं. मी चुका काढलेल्या तिला आवडत नाहीत, पण टिपून मात्र घेते.

१७ ऑगस्ट

आज मला शिकवणी झाली. जोया म्हणाली, "दादी, फोन एका सेकंदात साठ चित्रं दाखवतो. एकामागं एक. म्हणून हललेलं दिसतं."

पडद्याच्या कोपऱ्यात तिनं एक आकडा ठेवला आहे, सेकंदाला किती चित्रं निघाली त्याचा. आकडे मला नोटांमुळं ओळखता येतात. पाहत बसले. साठ. मग अठरा. मग पंचेचाळीस. मग बावीस. 

"हे कावून असं धावतं आणि बसतं?"

"बाजार दिसला की काम वाढतं, दादी. मोकळी भिंत आली की पुन्हा साठ. मी लई जोर लावतेय ते साठावर न्यायला."

मी हसले. मी नवी नवरी असताना भात्यावर असाच जोर दाखवायची. विस्तव भडकायचा, मग दमले की बसायचा. पातेल्याला एकीकडं कथील जळायचं, दुसरीकडं वितळायचंच नाही. तेव्हा कय्युमचे अब्बा चिमट्यानं माझ्या बांगड्यांवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "ताकद नको, ताल दे."

जोयाला म्हटलं, "साठ कुणी मागितलेत? निम्मेच दे. पण निम्म्याखाली एकदाही जाऊ नको आणि वरही जाऊ नको."

ती चहा न पिता उठून गेली. चहा मी प्याले.

१८ ऑगस्ट

आकडा तीसवर बांधला आहे. मोकळ्या भिंतीपाशी माणूस छान चालतो. बाजारात आला की अजून लकवा. पण आता निदान कुठं दुखतं ते कळतं.

२६ ऑगस्ट

भांडण. वर्षा आणि जोया, दोघींचं. मी मध्ये सुपारी कातरत बसले.

जोयानं किल्ल्याचा एकेक दगड वेगळा घडवला आहे. दोन महिने लागले. बुरुजावर उगवलेलं गवतसुद्धा हलतं. वर्षा म्हणते, किल्ला काढून टाकू, त्यानंच फोन मरतो. जोया म्हणते, मग हे धारूर कसं? आणि वर्षाला म्हणाली, "तुला काय जातं? तू पाठलाग करते त्या पातेल्याच्या चमकीचा."

पातेल्याची चमक हा दुसरा आजार. भांडं फिरवलं की त्यात विस्तव, आभाळ, माणसाचा चेहरा, सगळं खरंखुरं दिसलं पाहिजे असा वर्षाचा हट्ट. त्यासाठी मोठा कॉम्प्युटर भाड्यानं घ्यावा लागतो, आणि खेळात घालायला तयार बाजार विकत मिळतो म्हणे, तयार माणसं, तयार धूरसुद्धा. धूर पैसे देऊन! मी जन्मभर फुकट खाल्ला.

वर्षा म्हणाली, "आजी, तुमीच सांगा, किल्ला की चमक?"

मी फडताळातून जुनं पातेलं आणलं. "हे बघा. कलई कुठं केलीय?"

"आतून."

"बाहेरून कावून न्हाई केली?"

मग मीच सांगितलं.

कथील महाग. अन्न लागतं आतल्या बाजूला, तिथं कथील नसलं की पितळेत आंबट कळकतं, हिरवं पडतं. बाहेरून राखेनं घासलं की झालं काम. बाहेरून कुणी चाटत नाही. खेळणाऱ्याचे डोळे कुठं असतात? हातातल्या भांड्यावर. मग कथील तिथं लावा. किल्ला दूर आहे, तो पडद्यावर रंगवून मागं टांगून द्या.

जोया म्हणाली, "आणि गवत?"

"धारूरच्या उन्हात गवत कधी हललेलं पाह्यलंस?"

ती हसली नाही. लेकराचे दोन महिने गेले. मला वाईट वाटलं. चमक मात्र वर्षा आता हातानंच रंगवणार आहे, दहा वेगवेगळ्या कोनांतून. भाड्याचा कॉम्प्युटर रद्द.

४ सप्टेंबर

कय्युमनं जेवताना विषय काढला. हैदराबादच्या लोकांचा फोन आला होता, राहायची सोय बघायला सांगतात.

जोया म्हणाली, "अब्बा, दहा ऑक्टोबरपर्यंत तरी थांबा."

"थांबलोच हाय. पण फोनवर भांडी घासून कुणाचं पोट भरलंय?"

"घासत न्हाईत, अब्बा. कलई करतात."

"कलई करून तरी कुणाचं भरलं?" असं म्हणाला आणि ताट सरकवून उठला.

माझं रक्त तापलं. त्याच्या बापाच्या कलईवर तो वाढला, दहावी झाला, दुकान टाकलं. स्टीलसारखाच झाला आहे माझा मुलगा. गुळगुळीत, थंड. वर्षा, हे तसंच लिही, इस्त्री करू नको.

११ सप्टेंबर

आज दुपारी कय्युम दुकान बंद करून आला. हातात पितळेची दोन पातेली आणि कागदात कथील. म्हणतो, "अम्मी, आष्टीकडचं एक गिऱ्हाईक हाय. हटून बसलंय, कलईच पायजे. करून दिली पायजे."

मी म्हटलं, या काळात असलं गिऱ्हाईक कुठून उपटलं? तो भात्यावरची धूळ झटकत होता, ऐकलं नाही.

मागच्या अंगणात भट्टी मांडली. कय्युमचा हात अजून आहे, हे कबूल करते. मी भात्यावर बसले. खांदा कुरकुरला, पण ताल सापडला. पोरी दोन्ही बाजूंना फोन धरून उभ्या, चित्रीकरण. पातेलं लाल झालं. कय्युमनं नवसागराची चिमूट टाकली. भस्सकन पांढरा धूर उठला. कथिलाची कांडी टेकवली, कापसाचा बोळा गरगर फिरवला, आणि आतून पातेलं चंद्रासारखं झालं. मग पाण्यात बुडवलं, चर्र.

जोया म्हणाली, "दादी, धूर एवढाच?"

"एवढाच."

"आमी तर सारखा दाखवतोय. भट्टी पेटल्यापासून शेवटपर्यंत!"

हीच त्यांची चूक. दोघींनी कलई कधी पाहिलीच नव्हती. धूर म्हणजे भट्टीचा, असं समजून खेळभर धूर सोडला होता. आणि फोनला सगळ्यात जड तोच पडतो म्हणे, कारण धुरातून पलीकडचंही दाखवावं लागतं. 

मी म्हटलं, "एका भांड्याला एकदाच. नवसागर पडला की. बाकी विस्तवाला धूर नसतो."

जोयानं मला मिठी मारली. भात्यासकट.

१२ सप्टेंबर

सकाळी धूर काढून टाकला. संध्याकाळी माझ्या फोनवर बाजारातून चालत गेले, आकडा तीसवरून फक्त दोनदा हलला. पोरी नाचल्या.

मी नाचले नाही.

वर्षा, हे लिही. आणि हे जोयाला दाखवायचं नाही.

एका भांड्याला धूर एकदाच, हे मी सांगितलं. खरंच आहे. पण भांडी दिवसाला चाळीस असायची, हे सांगितलं नाही. लग्नसराईत साठ. आमची भट्टी अंगणात नव्हती, खोलीत होती. खिडकी एक, ती रस्त्याच्या बाजूला, आणि तिच्यातही विकायची भांडी लटकवलेली. पावसाळ्यात दारही लावून घ्यायचो.

ते पहिल्यांदा जोरात खोकले तेव्हा मी भाता थांबवला. म्हणाले, "ताल कावून सोडला?" मी पुन्हा चालू केला. त्यानंतर नऊ वर्षं खोकले. मी नऊ वर्षं ताल सोडला नाही.

लिही ना. थांबलीस कावून?

धूर कमी करा म्हटलं ते फोनसाठी म्हटलं की माझ्यासाठी, ते मला ठरवता येत नाही. त्या पडद्यावरच्या माणसाला धुरात बसलेला मला बघवत नव्हतं. तो नुसता चित्रातला आहे, मला कळतं. त्याचं नाकसुद्धा नीट नाही. पण डावा गुडघा वर करून बसतो.

पुरे आज.

२० सप्टेंबर

आष्टीचं गिऱ्हाईक पातेली न्यायला आलेलं नाही. कय्युमला विचारलं, तो म्हणाला येईल. लोक विसरभोळे झाले आहेत.

२८ सप्टेंबर

शेवटच्या भागात अडलं आहे. भट्टी, पातेलं, गिऱ्हाइकांची रांग, सगळं एकदम येतं तिथं आकडा एकोणीसवर बसतो. जोया चिडचिडी झाली आहे. वर्षाशी बोलत नाही, माझ्याशी बोलत नाही, कॉम्प्युटरशी बोलते. आज दुपारी म्हणाली, "दादी, मी हैदराबादला जाईन. चांगली नोकरी हाय. तिथं कुणी तरी आधीच सगळं ठरवलेलं असतं."

मी म्हटलं, "जा. पण एकोणीसवर ठेवून जाऊ नको. आधी तीस कर, मग जा."

"झालं न्हाई तर?"

"विस्तव विझत आला की तुझ्या अब्बांचे अब्बा काय करायचे माहीत हाय? गिऱ्हाइकांना बाहेर काढायचे. एक भांडं, एक माणूस. बाकीचे बाहेर ओट्यावर."

तिनं कॉम्प्युटरकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग म्हणाली, "रांग दारापलीकडं. फक्त आवाज येऊ द्यायचा."

माझं म्हणणं तेच होतं की नाही कोण जाणे. मी फक्त आठवण सांगत होते.

५ ऑक्टोबर

पोरींनी पूर्ण खेळ दाखवला. मला खुर्चीवर बसवलं, कय्युमलाही दुकानातून ओढून आणलं. तो उभाच राहिला.

खेळ शेवटच्या दिवसापर्यंत गेला. त्या दिवशी चाळीस भांडी. पहिल्याला धूर उठला आणि गेला. दुसऱ्याला उठला आणि गेला. पण दहाव्यापाशी मला वाटलं, खोली जरा पांढुरकी झाली आहे. विसाव्यापाशी किल्ला दिसेना. तिसाव्यापाशी भिंत गेली. माणूस काम करतोय, मी बोटानं भांडं फिरवतेय, आकडा तीसवर ठाम. चाळिसावं भांडं चमकलं आणि पडदा सगळा पांढरा झाला. काहीच नाही. नुसता भात्याचा आवाज. 

मग कुणीतरी खोकलं. भाता थांबला. आणि पुन्हा सुरू झाला.

मी फोन मांडीवर ठेवला.

जोया हळूच म्हणाली, "पांढरा रंग सगळ्यात स्वस्त, दादी. फोनला काही काढावंच लागत न्हाई. आवाजही हलका."

"खोकल्याचं तुला कुणी सांगितलं?"

वर्षा माझ्या उशीचा अभ्रा न्याहाळत होती. मी तिच्याकडून कसम घेतली ती वही न दाखवायची. तोंड बंद ठेवायची घ्यायला विसरले. चूक माझी. आता लिहितानाही मान वर करत नाही ती. अगं, कर वर, मारत नाही.

पांढऱ्या पडद्यावर मग काळी अक्षरं उमटली. तीन. मी वर्षाला विचारलं, हे काय? म्हणाली, "खेळाचं नाव."

मला वाचता येत नाही. पण पहिलं अक्षर वळण घेऊन खाली तिरका पाय टाकतं. मधल्याच्या डोक्यावर तुरा आहे. तिसरं पहिल्यासारखंच, फक्त त्याच्या पाठीशी काठी उभी. ही तीन अक्षरं दुकानाच्या पाटीवर आहेत. दर जुम्म्याच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्यानं मी ती पुसते. माझ्या बोटांना ती पाठ आहेत.

वर्षा वाचून दाखवायला निघाली होती. मी म्हटलं, "राहू दे."

कय्युम दाराकडं तोंड करून उभा होता. नाक पुसलं. म्हणाला, धूर गेला नाकात. फोनमधला!

१० ऑक्टोबर

पोरी काल पुण्याला गेल्या. म्हणून आज कय्युम लिहितो आहे. बिलं लिहायच्या अक्षरात लिहितो. दर ओळीखाली रेघ मारतो.

दिवसभर कुणी फोन केला नाही. मी दोनदा भाजी निवडली. एकदा निवडलेलीच पुन्हा निवडली.

साडेचारला जोयाचा फोन. तिथल्या साहेबांनी कपाटातून त्यांच्याकडचा सगळ्यात जुना फोन काढला, त्यात खेळ घातला, टेबलाभोवती सगळे जमले. बाजार, किल्ला, भट्टी, चाळीस भांडी. आकडा तीसवरून हलला नाही. पांढरा पडदा आला तेव्हा सगळे खोकायलाही घाबरले, म्हणाली. 

मग एकानं विचारलं, "तुम्ही हा तपासला कशावर?"

जोया म्हणाली, "माझ्या दादीच्या फोनवर."

आणि सोबत नेलेला माझा फोन दाखवला. तर म्हणे सगळे हसले. का हसले ते मला समजलं नाही. चांगला फोन आहे. मखमल दिसली नसेल त्यांना.

खेळ घेतला आहे. आठ दिवस तिथं राहून कागदपत्रं आणि बारीकसारीक दुरुस्त्या, मग दोघी परत येऊन धारूरमधूनच काम करणार. हैदराबादला कय्युमनं माझ्यासमोरच कळवून टाकलं. बोलताना आवाज मोठा होता त्याचा. फोन ठेवल्यावर म्हणाला, "अम्मी, तुमी मला स्टील म्हणाल्या होत्या वहीत. मागची पानं वाचली मी."

म्हटलं, "दुसऱ्याची वही वाचू नये. आता पुढचं लिही."

जोया विचारत होती, तिथं खानावळीत सगळं गोड लागतं, काय करू? म्हणून कय्युम, नीट लिहून घे आणि तसंच कर. उद्या सकाळच्या पुण्याच्या गाडीला कंडक्टरजवळ द्यायचं. बालाघाटातली सीताफळं अर्धा डझन, डोळे उघडलेली पण दाबून कडक लागतील अशी, वाटेत पिकतात. ज्वारीच्या भाकरी बारा, पातळ, कोरड्या फडक्यात. कारळाची चटणी बरणीभर. ही वही भाकरींच्या खाली ठेव, वर नको, तेल लागेल. आणि अंबाडीची भाजी, भरपूर लसणाची फोडणी देऊन, आंबट असेल तितकी आंबट. ती स्टीलच्या डब्यात घालायची नाही. आष्टीच्या गिऱ्हाइकाचं मोठं पातेलं काढ आणि त्यात भर. ते गिऱ्हाईक मुळात नव्हतंच, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. झाकणावर फडकं घट्ट बांध, आणि जोयाला सांग, पुण्यात पोचल्यावर आधी चाखून बघ: भाजी कळकली नसेल तर तुझ्या बापाचा हात अजून शाबूत आहे.